कोसा झुलते

आरमोरीच्या पलीकडे, डांबर संपतं तिथून चार किलोमीटर,
ऐनाच्या रांगेत बाबांचं मचाण.
मचाणावर गुलेर, पाण्याची कॅन, आणि या आठवड्यात
माझा लॅपटॉप.
त्याला मुंग्या लागू नयेत म्हणून
बाबांनी चारी पायांशी राख टाकली आहे.

मी जनुक शोधत नाही.
ते कधीच सापडलंय, त्याला नाव आहे, क्रमांक आहे.
मला हवीत त्याच्या उंबऱ्याबाहेरची सात अक्षरं,
जिथे कुठलंसं प्रथिन येऊन टेकतं
आणि आतल्याला सांगतं, ऊठ.
किंवा, अजून नाही.

कारण एकाच माळेतले कोसे,
एकाच मादीची अंडी, एकाच झाडाचा पाला,
आणि काही पंधरा दिवसांत भोक पाडून पाखरू होतात,
काही झोपतात थेट मृगापर्यंत.
"त्याईच्या मनावर हाय," बाबा म्हणतात.
मी मन म्हणत नाही. मी दोन हजार अक्षरं म्हणते,
ए सी जी टी, ओळीमागून ओळ,
ना काना, ना मात्रा, ना कुठे दम घ्यायला जागा.

प्रोग्रामला एक तक्ता दिलाय:
पहिल्या घरात बहुधा टी,
दुसऱ्यात जी, जवळजवळ नक्की,
चौथ्यात काहीही चालेल.
तो सात अक्षरांची खिडकी सरकवत नेतो
आणि प्रत्येक मुक्कामाला गुण देतो.
रात्री साडेनऊला त्याने सांगितलं, त्रेचाळीस.

त्रेचाळीस जागा!
मी बाबांना हलवून उठवलं.
"लय झाल्या," ते म्हणाले, आणि कूस बदलली.

सकाळी मला झाडाखाली उभं केलं.
"कोसे मोज."
मी एकोणतीस मोजले.
नऊ निघाली वाळून गुंडाळलेली पानं,
दोन कोळ्यांची घरं.
"पान हालते," बाबा म्हणाले. "कोसा झुलते.
वारा येतवरी बोलू नोको."

मग ओढ्याकाठच्या एका ऐनाकडे नेलं,
ज्यावर यंदा त्यांनी एकही अळी सोडली नव्हती.
"आता इथं मोज."
सात दिसले.
"हे सात तुया डोऱ्यातले हायेत.
दरसाली पयले हे झाड पायतो मी.
आपला डोरा किती खोटं बोलते, थे समजते."

माझ्या गाइडनी हेच सांगितलं होतं,
दोन सेमिस्टर घेऊन, स्लाइडवर.

दुपारी मी सगळी अक्षरं पत्त्यांसारखी पिसली.
तितकेच ए, तितकेच टी, फक्त क्रम मोडलेला,
गाव तेच, पण कोणाचंच घर नाही.
तोच प्रोग्राम तिथे सोडला.
अडतीस.

म्हणजे पाच उरतात.
पण कुठले पाच, हे वजाबाकी सांगत नाही.

इथे वारा कुठून आणायचा?
मी तुतीचा किडा आणला, एरंडीचा आणला,
आसामकडचा मुगा आणला,
चौघांचे उंबरे एकाखाली एक लावले.
लाखो वर्षांचा वारा होता तो.
पान पान हललं होतं. जवळजवळ सगळं.
ओळी ओळखू येत नव्हत्या.
एका जागी मात्र सात अक्षरं,
त्यातलं चौथं चौघांत चार तऱ्हेचं,
बाकीची सहा देठ धरून.
हललं नव्हतं ते.
झुललं होतं.

बॅटरी सहा टक्के.
"बाबा, एक."

ते वर चढले. पडद्याकडे पाहिलं,
जसं दुसऱ्याच्या शेतातल्या पिकाकडे पाहतात,
बोट न लावता.
मग माळेतला एक कोसा तोडून कानाशी हलवला,
माझ्या हातात दिला.
कागदासारखा हलका.

"वजन पाय आता," ते म्हणाले.
"रिकामा कोसाबी झुलते."